दर्शनाची हमी

सिरसाळ्यासारख्या गावी, जेथून पश्चिमेचा समुद्र गाठावयाचा तर बालाघाटचे पठार ओलांडून, भीमेचे खोरे मागे टाकून अखेर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो, आणि जेथे पाण्याच्या खोलीची चौकशी होते ती केवळ बोअर घेताना, अशा गावी बसून कोणी उष्ण प्रदेशांतील बेटांभोवती बुड्या मारून प्रचंड जलचर पाहण्याच्या छंदावर मतप्रदर्शन करू लागला, तर वाचकाने आधी त्याची सनद तपासावी हे रास्तच होय. ती सनद येथे दाखल करतो. आमच्या रानावर जो काही सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस वर्षाकाठी पडतो तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे अखेर समुद्राचाच असतो; तो ओढ्यानाल्यांनी गोदावरीत जातो, आणि विष्णुपुरी, पोचमपाड अशा धरणांतून जे काही सुटते ते, आमच्या कपाशीवर फवारलेल्या औषधांच्या व उसाला घातलेल्या खतांच्या अंशासह, ती नदी बंगालच्या उपसागरात नेऊन सोडते. शिवाय आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, परळीस, अर्धशतकाहून अधिक काळ दगडी कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्राची धुराडी उभी आहेत (त्याच केंद्राला २०१५ साली पाण्याअभावी बंद राहावे लागले, ही गोष्ट वेगळी), आणि ज्या उष्म्याने १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या वर्षी लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडली त्या उष्म्यात त्या धुराचा अल्पसा का होईना, वाटा आहेच. ज्याच्या हातून इतके समुद्रात जाते त्याने समुद्राविषयी दोन शब्द बोलावेत याला कोणाची हरकत असू नये.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. पूर्वी आमच्याकडील तरुण मंडळी सहलीला निघाली की तुळजापूर, पंढरपूर, फार तर महाबळेश्वर, एवढाच त्यांचा नकाशा असे. आता दिवाळीची सुटी लागली आणि कापसाचे चार पैसे हाती आले, की जीप भाड्याने करून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरचे मालवण गाठण्याची प्रथा पडू लागली आहे. तेथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडीतून नेऊन त्यांना रबरी पोशाख चढवतात, जिवाची जोखीम ज्याची त्याने पत्करल्याच्या कागदावर सही घेतात, आणि पाठीवर सिलिंडर बांधून सात-आठ मीटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे फिरवून आणतात. (त्या सिलिंडरात प्राणवायू असतो असा समज आमच्याकडे दृढ आहे, वस्तुतः ती साधी हवाच असते, दाबून भरलेली.) खाली गेल्यावर हातात पावाचे तुकडे दिले जातात, पट्टेरी मासे त्यांवर झोंबतात, चित्रफीत निघते, आणि गावी परतल्यावर ती पारावर सर्वांना दाखवली जाते. मग एक तक्रार हटकून ऐकू येते: "समदं बारीक बारीकच होतं बघा, मोठं काईच दिसलं नाही." पैसे भरले होते, तेव्हा मोठे काही दिसावयास हवे होते, हा जो हक्क या तक्रारीत निमूटपणे गृहीत धरलेला आहे, त्याचीच झडती मला येथे घ्यावयाची आहे, कारण माझे मत असे आहे की जगातील बेटाबेटांवर मोठ्या जलचरांची जी नवी विटंबना चालू आहे तिचे मूळ या एका गृहीतकात आहे.

आपल्या समुद्रात मोठे काही नाहीच असे कोणी समजू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत डॉल्फिनांचे कळप आहेत. देवमाशाएवढी वाढणारी, परंतु जातीने मुशी असलेली, अंगभर पांढरे ठिपके मिरवणारी व्हेल शार्क अरबी समुद्रात फिरते आणि कधीमधी मच्छीमारांच्या जाळ्यात सापडते. प्रत्यक्ष नील देवमासाही या पाण्याला परका नाही, याची साक्ष २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर येऊन मेलेल्या सुमारे बेचाळीस फुटी धुडाने दिली. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू रुतले, तेव्हा त्याला पुन्हा समुद्रात लोटण्यासाठी गावकऱ्यांनी आणि सरकारी माणसांनी दोन दिवस केलेली धडपड वृत्तपत्रांतून साऱ्या महाराष्ट्राने वाचली. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारे आंग्रिया नावाचे एक बुडालेले पठार आहे; त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरांवर असून त्यावर प्रवाळांचे वैभव आहे. परंतु किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे राज्य शासनाचा अंमल संपतो, आणि आंग्रिया त्या हद्दीच्या पुष्कळ बाहेर पडते. उलट १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग व पद्मगड ज्यात येतात तो गाभा तर जेमतेम ३.१८ चौरस किलोमीटरांचा. आमच्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, नायगावचे मयूर अभयारण्य आहे. मोरांसाठी जेवढी जागा राखली, जवळजवळ तेवढीच मालवणच्या समुद्रासाठी राखली गेली. मोराचे एवढ्यात भागते. व्हेल शार्कला हे सारे अभयारण्य ओलांडण्यास एक प्रहर पुरे होईल, आणि ती ओलांडते आहे याचा पत्ता बहुधा कोणालाच लागणार नाही. दिसण्याची शक्यता कमी असणे हा त्या प्राण्याच्या जगण्याचाच भाग आहे, मालवणच्या होडीवाल्याची ती लबाडी नव्हे.

पाण्याखाली जाऊन पाहणे हा छंद मुळात निष्पाप नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली दाबलेल्या हवेवर चालणारे श्वासयंत्र सिद्ध केले आणि माणसाच्या बुडीची मुदत श्वासाच्या कैदेतून सुटली. १९५६ साली कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या 'द सायलेंट वर्ल्ड' या कुस्तोच्या चित्रपटाने सागरतळाचे रंग जगाला दाखवले. पण त्याच चित्रपटात असा एक प्रसंग आहे की नौकेच्या पंख्याने घायाळ झालेल्या देवमाशाच्या पिल्लाभोवती मुशी जमतात आणि नौकेवरचे खलाशी त्या मुशींना आकड्यांनी वर ओढून कुऱ्हाडींनी तोडतात. मुशी हा शत्रू आणि शत्रूला मारणे हा पुरुषार्थ, असा त्या पिढीचा सरळ हिशेब होता. पुढे कुस्तो स्वतःच समुद्राचा मोठा कैवारी झाला, हे त्याला शोभणारेच झाले. त्याच्या नंतरच्या पिढ्यांनी भाला टाकला आणि कॅमेरा घेतला. या बदलाचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र पारध सुटली तरी पारध्याची अपेक्षा सुटते असे नाही, आणि रिकाम्या हाताने परतण्याची लाज कॅमेरेवाल्यालाही तेवढीच असते, हे ताडोब्याहून परतलेल्या कोणत्याही कुटुंबाच्या चेहऱ्यावर वाचता येते.

या छंदाच्या बाजूने जे सर्वांत भक्कम प्रमाण आहे ते मालदीवचे. १९९३ साली तेथील मुशींच्या मासेमारीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे मांडले होते की मारलेली एक करडी मुशी मच्छीमारास सुमारे बत्तीस डॉलर देते, तर तीच जिवंत मुशी, तिला पाहण्यास येणाऱ्या पाणबुड्यांच्या द्वारे, वर्षाला सरासरी तीन हजारांहून अधिक डॉलर त्या देशात आणते. हा हिशेब जगभर गाजला, आणि २०१० साली मालदीवने आपल्या पाण्यात मुशी मारण्यास संपूर्ण बंदी घातली. आपल्या शेजारी गुजरातेत घडलेली गोष्ट वेगळ्या रंगाची आहे. वेरावळच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारून तिचे मांस परदेशी धाडण्याचा आणि यकृताचे तेल होड्यांच्या लाकडास चोपडण्याचा धंदा जोरात होता. माइक पांडे यांच्या २००० सालच्या माहितीपटाने तो उघड्यावर आणला, २००१ साली कायद्याने तिला वाघाच्या पंक्तीस बसवले, आणि २००४ पासून रामकथाकार मोरारी बापूंनी मच्छीमारांपुढे असे मांडण्यास आरंभ केला की ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. लेक म्हटल्यावर मारण्याची भाषा संपली. ज्यांनी तिला मारले होते तेच लोक आपली जाळी कापून तिला सोडू लागले, आणि त्यात पर्यटकाचा एक पैसाही नव्हता. मालदीवचा हिशेब आणि वेरावळची भावना या दोहोंत अधिक टिकाऊ कोणती, असे मला विचाराल तर उत्तर देताना मी अडखळेन. पण हिशेबात एक दोष दडलेला आहे एवढे मात्र निश्चयाने म्हणू शकतो. ज्या क्षणी जिवंत प्राण्याचे मोल त्याच्या दर्शनावरून ठरू लागते, त्या क्षणी दर्शन घडवणे हा व्यापाऱ्याचा करार होऊन बसतो, आणि प्राण्याने त्या करारावर सही केलेली नसते.

या दोषाचे संपूर्ण चित्र पाहावयाचे तर फिलिपाइन्समधील ओस्लोब येथे जावे. सेबू बेटाच्या या गावी २०११ पासून मच्छीमार होड्यांतून बारीक कोलंबी टाकून व्हेल शार्कना किनाऱ्याजवळ बोलावतात; सकाळी दुकान उघडावे तसा समुद्र उघडतो आणि दुपारी बंद होतो; वर्षाला लाखांनी माणसे येतात, आणि मासा दिसला नाही असे जवळपास होत नाही. होडीपाशी अन्न मिळते हे माशाने ओळखले, म्हणून तो होडीला भीत नाही. तेथील बहुतेक माशांच्या अंगावर होड्यांच्या घासण्याचे व पंख्यांच्या पात्यांचे व्रण संशोधकांनी नोंदले आहेत, आणि ज्या जातीने महासागरांतून हजारो किलोमीटर भटकावयाचे त्यातील काही मासे महिनोन्महिने त्या एका धक्क्यापाशी घुटमळत राहिल्याचेही दिसले आहे. हा आळस त्यांना परवडणारा नाही. व्हेल शार्क वयात येण्यास पंचवीसेक वर्षे घेते. मांटा नावाचा तो पंखांसारखे पर पसरून तरंगणारा प्रचंड वागळ्याचा भाऊबंद दोन ते पाच वर्षांत एकच पिल्लू देतो. ज्या जातीचा वंश एवढ्या संथपणे वाढतो तिच्या वागण्यात केलेली ढवळाढवळ एका पिढीत भरून निघत नाही.

आपण फिलिपाइन्सकडे बोट दाखवून स्वतःस सज्जन समजण्याचे कारण नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली, आणि प्रकरण नागपूर खंडपीठाने स्वतःहून दाखल करून घ्यावे इतके लाजिरवाणे झाले. तेथे कोणी कोलंबी टाकली नव्हती. पर्यटकाने मनात आणलेली हमी तेवढी होती, आणि चालकाला त्या हमीची धास्ती होती. अंदमानातील हॅवलॉक बेटावर, ज्याला आता स्वराज द्वीप म्हणतात, राजन नावाचा एक हत्ती होता. लाकडे ओढण्यासाठी आणलेला तो प्राणी, तो धंदा बंद झाल्यावर, समुद्रात पोहताना छायाचित्रे काढू देण्याच्या कामावर लागला आणि २०१६ साली वारेपर्यंत जगप्रसिद्ध राहिला. निळ्या पाण्यात पोहणारा हत्ती खालून पाहण्यास माणसे कोठकोठून आली. समुद्रात हुकमी भेटणारा मोठा प्राणी हवा असेल तर तो बहुधा हत्तीसारखा पाळीवच असावा लागतो, असे त्या छायाचित्रांकडे पाहताना माझ्या मनात येते.

येथे ओस्लोबचा मच्छीमार उठून मला जो प्रश्न विचारील तो मी टाळू इच्छीत नाही. तो म्हणेल, आमच्या मुलांच्या शाळेची फी या कोलंबीतून निघते. आम्ही पूर्वी जो समुद्र ओरबाडत होतो तो आता ओरबाडावा लागत नाही. तुम्ही पाठीवर सिलिंडर बांधून येणार, हळहळणार आणि निघून जाणार. हे खरे आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही कोलंबी टाकली असती. त्याच फिलिपाइन्समध्ये दोनसोल नावाचे दुसरे गाव आहे. तेथे १९९८ पासून, म्हणजे त्या देशाने व्हेल शार्कच्या शिकारीवर बंदी घातली त्या वर्षापासून, अन्न न टाकता, हंगामात मासे आले तर आले, अशा बोलीवर पाहुण्यांना नेतात. मध्यंतरी काही हंगाम मासे फारसे आलेच नाहीत, आणि पाहुणेही ओसरले. म्हणजे दोनसोलच्या गरीब नावाड्याने सचोटीचा दंड भरला, आणि ओस्लोबच्या गरीब नावाड्यास लबाडीचे बक्षीस मिळाले. नैतिक उपदेशाने हा तिढा सुटणारा नाही, कारण तो मुळात नीतीचा कमी आणि जोखमीचा अधिक आहे. समुद्र अनिश्चित आहे. त्या अनिश्चिततेची किंमत कोणीतरी भरणारच. आज ती एक तर प्राणी आपल्या देहाने भरतो, नाही तर किनाऱ्यावरचा माणूस आपल्या चुलीने भरतो. ज्याला पाहण्याची हौस आहे आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत तो मात्र या व्यवहारात पूर्णपणे सुरक्षित आहे.

जोखीम कोणी वाहावयाची हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. २०२० च्या खरिपात पीकविम्यासाठी कंपन्या बीडकडे वळेनात, तेव्हा येथे जी तडजोड निघाली ती 'बीड पॅटर्न' या नावाने पुढे राज्यभर गेली: जमा विमाहप्त्याच्या एकशे दहा टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यावयाची, त्यापुढचा बोजा शासनाने उचलावयाचा, आणि वर्ष बरे जाऊन पैसा उरला तर कंपनीने वीस टक्के आपल्यापाशी ठेवून बाकी रक्कम शासनाला परत करावयाची. या योजनेतून कुणब्याच्या पदरात किती पडले हा स्वतंत्र आणि कडू वाद आहे. तरीही आभाळाच्या लहरीचा बोजा एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर न ठेवता तो किती जणांत आणि कोणत्या प्रमाणात वाटावा, हे तिने कागदावर आणले एवढे मान्य केले पाहिजे. समुद्राच्या लहरीचा असा जाबता अजून कोणी लिहिलेला नाही. आणि मला खरे नवल वाटते ते आमच्याच माणसांचे: ज्याच्या बापाला मृगाच्या पावसाची हमी जन्मात कधी मिळाली नाही, तो मुलगा मालवणच्या धक्क्यावर उभा राहून माशाची हमी मागतो.

ही तुलना मी केवळ चमत्कृतीसाठी करीत नाही. मालदीवच्या बा नावाच्या कंकणद्वीपात हनिफारू नावाची एक लहानशी खाडी आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, त्यांनी ढवळलेल्या पाण्यात सूक्ष्म जीवांचे पीक आले, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाने ते त्या खाडीत लोटले गेले, की मांटांचे थवेच्या थवे तेथे चरावयास जमतात. कधी त्यांच्यात व्हेल शार्कही येतात. ज्या वाऱ्याकडे सिरसाळ्याचा शेतकरी जूनमध्ये डोळे लावून बसतो त्याच वाऱ्यावर त्या माशांचीही पंगत बसते. वारा कच खाऊन बसला तर दोघेही उपाशी. ही खाडी ज्यात येते त्या बा द्वीपसमूहाला २०११ साली युनेस्कोने जीवावरण-राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, आणि त्यानंतर तेथे जो नियम झाला तो मला या साऱ्या विषयातला सर्वांत शहाणा नियम वाटतो: २०१२ पासून हनिफारूत सिलिंडर लावून उतरण्यास मनाई आहे. वरून, तरंगत, ठरलेल्या वेळेपुरते पाहावे. बुडबुडे सोडीत खाली घुसू नये. पैसा असूनही पाणबुड्याला त्या दारातून परत फिरावे लागते, आणि तो परत फिरतो म्हणूनच मासे येत राहतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील निंगालू येथेही एका माशाभोवती एका वेळी दहांहून अधिक पोहणारे असू नयेत आणि कोणी तीन मीटरांच्या आत जाऊ नये अशी शिस्त आहे. मासा शोधण्यासाठी विमान उडते, अन्न टाकले जात नाही, आणि दर्शन झाले नाही तर तेथील कित्येक नौकामालक दुसरी फेरी फुकट देतात. हमी द्यावयाचीच तर ती अशी माणसाने माणसाला द्यावी, माशाला लाच देऊन नव्हे. परंतु विमान आणि फुकटची फेरी परवडणारा तो नौकामालक वेगळा आणि कर्जाने इंजिन घेतलेला मालवणचा होडीवाला वेगळा. त्याच्या गळ्यात हे जोखड अडकवावे असे मी म्हणणार नाही.

खुद्द बुडीच्या विद्येत या वृत्तीचे शिक्षण अंतर्भूत आहे, आणि चटकन उतरून चटकन वर येणाऱ्या हौशी मंडळींना तेच नेमके मिळत नाही, याचे मला वाईट वाटते. आमच्याकडे उन्हाळ्यात पोरे विहिरीत सूर मारतात, तळची माती मुठीत आणून दाखवतात आणि धापा टाकीत पायरीवर बसतात. त्या बुडीत सारा पराक्रम घाईचा. समुद्रातली बुडी याच्या अगदी उलट चालते. दर दहा मीटरांस वातावरणाएवढा दाब वाढत जातो, कानांना त्याची सवय होऊ देत उतरावे लागते, आणि रक्तात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून वर येताना मिनिटाला नऊ-दहा मीटरांहून अधिक वेग धरता येत नाही. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याची हवा निम्म्या वेळात संपते. खाली न बुडता, वर न उचलले जाता, हातपाय न झाडता एका जागी स्थिर राहणे ही या विद्येची पहिली सिद्धी होय, आणि मोठा प्राणी जवळ येतो तो अशा स्थिर माणसाच्या. पाठलाग करणाऱ्याला बहुधा त्याचे शेपूटच दिसते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस स्कूबाचे रीतसर शिक्षण देणारी संस्था काढली आहे, ती या दृष्टीने फार मोलाची आहे. आमच्या पोरांनी पंधरा मिनिटांच्या फेरीऐवजी तेथे चार दिवस घालवावेत, आणि मराठवाड्यातील एखाद्या शिक्षणसंस्थेने शिष्यवृत्ती देऊन दरवर्षी दोन-चार मुलेमुली तेथे पाठवावीत, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवती खडकापाशी बुडवून तेथे सागरतळी संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याची राज्याची योजना आहे, तिचेही मी स्वागत करतो. लोखंडी जहाजाच्या दर्शनाची हमी खुशाल द्यावी, त्याला काही इजा होत नाही.

वाट पाहण्यास पैसे मोजणारा मराठी माणूस मिळतो का, या शंकेचे उत्तर मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाने केव्हाच दिलेले आहे. नाना फडणविसांच्या घराण्याच्या या गावी चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ सालापासून समुद्री कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले, आणि पुढे कासव महोत्सव भरू लागला. पुण्यामुंबईची माणसे तेथे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, मोदक-भाकरी खातात, पहाटे व सायंकाळी किनाऱ्यावर जाऊन घरट्यावरची टोपली उचलली जाण्याची वाट पाहतात. कधी वाळूतून पिल्ले निघतात, कधी काहीच निघत नाही. राहण्याजेवण्याचे पैसे दोन्ही वेळी सारखेच द्यावे लागतात, आणि त्याबद्दल कोणी भांडताना ऐकिवात नाही. कासव हा काही व्हेल शार्कएवढा भव्य प्राणी नव्हे, हे मान्य. पण तत्त्व तेच आहे. वेळासमध्ये पाहुणा गावाला पैसे देतो, पिल्लाला नव्हे. म्हणूनच पिल्लू न दिसलेल्या दिवशीही गावाची चूल पेटते, आणि पिल्लाला वेळेआधी उकरून काढण्याचा मोह कोणाला होत नाही.

मालवणात असे का झाले नाही याचे कारण अभयारण्याच्या जन्मकथेत आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रापणीचे जाळे ओढले त्या गाबीत बांधवांना १९८७ ची ती अधिसूचना आपल्या वहिवाटीवर आलेली जप्ती वाटली, आणि तो दंश आजतागायत गेलेला नाही. आम्हा पठारावरील लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य एका फर्मानाने काढले, त्यात गावेच्या गावे अडकली, जमिनीचे व्यवहार खोळंबले, शेतकरी त्या पक्ष्याच्या नावाने बोटे मोडू लागला, पुढे क्षेत्र कापून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणले, आणि दरम्यान माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. शेजाऱ्याच्या डोक्यावर सारा बोजा टाकून राखलेला प्राणी राखला जात नाही, हे याहून अधिक स्पष्टपणे सिद्ध करण्याची आवश्यकता मला दिसत नाही.

उपाय अवघड नाही; त्याचा अर्धा भाग शासनाने स्वतःच शोधून ठेवलेला आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात अशी योजना आहे की संरक्षित जलचर जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई त्याला मिळते. मोठे जाळे फाटले तर ही रक्कम तुटपुंजी ठरते, आणि कोणत्याही सरकारी भरपाईप्रमाणे तिलाही कागदपत्रांचा फेरा आहे. तरी समुद्राची जोखीम वाटून घेण्याचे तत्त्व तिने स्वीकारले आहे. आता दुसरा अर्धा भाग पर्यटकाकडून वसूल करावा. मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती या पट्ट्यात जो कोणी मास्क लावून पाण्यात उतरेल त्याने, काही दिसो वा न दिसो, ठरावीक दर्याशुल्क भरावे. ते सरकारी तिजोरीत न जाता मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे जावे. त्यातून फाटलेल्या जाळ्यांची भरपाई पुरी व्हावी आणि रिकाम्या गेलेल्या हंगामात होडीवाल्याचा हप्ता भरला जावा. पाव टाकणे बंद व्हावे, आणि अमुक मासा हमखास दाखवू अशी जाहिरात करणाऱ्याचा परवाना जप्त व्हावा. असे झाले तर उद्या आंग्रियाच्या माथ्यावर नौका जाऊ लागतील तेव्हा, आणि त्या आज ना उद्या जाणारच, ओस्लोबचा मार्ग आधीच बंद झालेला असेल.

माझी विनंती आमच्या गावच्या पोरांना आहे, कारण शासनाला विनंती करण्याची पद्धत अर्ज, स्मरणपत्र आणि पुन्हा अर्ज अशी लांबची आहे. येत्या दिवाळीत मालवणास जाल तेव्हा होडी ठरवताना मोठे काही दाखवाल का, असे विचारू नका. तुमच्या पैशातला किती भाग रापणकाराच्या घरी जातो ते विचारा, पावाचा तुकडा हाती दिला तर तो परत करा, आणि काही न दिसता वर आलात तरी ठरलेले पैसे पूर्ण देऊन या.